घरचा संगणक रात्री बंद करावा, स्लीपवर ठेवावा की चालूच सोडावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काम संपल्यावर संगणक शटडाउन करावा, स्लीपवर ठेवावा, की तसाच चालू सोडावा?

लॅपटॉप असेल तर दिवसभर स्लीप आणि आठवड्यातून एकदा रीस्टार्ट एवढे पुरते. टेबलावरचा डेस्कटॉप असेल आणि त्याला यूपीएस नसेल, तर रात्री शटडाउन किंवा हायबरनेट करावा. काही कारण नसताना रात्रभर चालू सोडण्याच्या बाजूने आज सांगण्यासारखे फारसे काही उरलेले नाही. या विषयावर मिळणाऱ्या परदेशी सल्ल्यात बहुतेक वेळा असे धरून चाललेले असते की भिंतीतली वीज अखंड आणि स्थिर आहे. आपल्याकडे मोठ्या शहरांचे काही भाग सोडले तर तसे धरून चालता येत नाही, आणि म्हणूनच पुढच्या अनेक उत्तरांत संगणकापेक्षा प्लगचाच विचार अधिक केलेला आढळेल.

स्लीप, हायबरनेट आणि शटडाउन यांत नेमका फरक काय?

फरक समजण्यासाठी एवढेच लक्षात घ्यावे की उघडलेल्या फाइली, अर्धवट लिहिलेले पत्र, ब्राउझरच्या खिडक्या हे सारे रॅममध्ये असते, आणि रॅमची स्मृती वीज असेपर्यंतच टिकते. रॅममधला प्रत्येक कण म्हणजे विद्युतभार धरून ठेवणारी एक सूक्ष्म गळकी घागर असते, आणि ती साधारण ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावी लागते. स्लीपमध्ये प्रोसेसर, डिस्क, पंखे, पडदा हे सगळे थांबते, पण घागरी भरण्याचे हे काम चालू राहते. त्यामुळे माउस हलवताच दोन-तीन सेकंदांत काम होते तिथून पुढे सुरू होते.

हायबरनेटमध्ये रॅममधला मजकूर डिस्कवर उतरवला जातो आणि मग वीज पूर्ण तोडली जाते. जागे होण्यास थोडा अधिक वेळ लागतो, परंतु मधल्या काळात वीज गेली, प्लग काढला, लॅपटॉपची बॅटरी संपली, तरी काहीही हरवत नाही. शटडाउनमध्ये सर्व प्रोग्रॅम बंद होतात आणि पुढच्या वेळी पाटी कोरी असते. या अवस्थांची आजची मांडणी इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एसीपीआय या मानकातून आली आहे. पॉवरचे बटण चार सेकंद दाबून धरले की अडकलेला संगणक बंद पडतो, ती सोयही त्याच मानकातली आहे. ती सोय अडचणीच्या वेळेसाठी आहे, रोज रात्री वापरण्यासाठी नाही.

वारंवार बंद-चालू केल्याने संगणक लवकर खराब होतो, हे खरे आहे का?

ही समजूत निराधार नाही, फक्त ती फार जुनी झालेली आहे. फेब्रुवारी १९४६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फियात जगासमोर आलेल्या एनिॲक या संगणकात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या, आणि त्यांपैकी बहुतेक नळ्या तापताना किंवा निवतानाच जळत. त्यामुळे तो शक्यतो बंदच करायचा नाही, असा शिरस्ता पडला. पुढे नळ्या गेल्या, ट्रान्झिस्टर आले, चिप आल्या, पण बटण दाबण्याची भीती मात्र राहिली. घरच्या साध्या विजेच्या दिव्यानेही तिला बळ दिले असावे, कारण जुना पिवळा बल्ब नेमका लावतानाच ‘फट्’ करून जात असे.

आजच्या यंत्रात झिजणारे भाग मोजकेच आहेत. फिरत्या हार्ड डिस्कचा विचार करू. घरगुती डेस्कटॉपसाठीच्या अनेक डिस्क सुमारे ५०,००० वेळा थांबून पुन्हा सुरू होण्याच्या क्षमतेच्या म्हणून विकल्या गेल्या आहेत. दिवसातून दहा वेळा जरी डिस्क थांबली आणि सुरू झाली, तरी ५,००० दिवस, म्हणजे साडेतेरा वर्षे लागतील. तोवर तो संगणक भंगारवाल्याकडे तरी गेलेला असेल किंवा माळ्यावर तरी. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क; तिच्यात फिरणारा भागच नसल्याने तिच्याबाबत हा प्रश्नही उद्भवत नाही.

उलट चालू ठेवण्याने जे झिजते त्याची चर्चा क्वचितच होते. पंख्याचे बेअरिंग फिरत राहिल्याने झिजते. पंखा चालू असेपर्यंत धूळ आत ओढत राहतो, आणि रस्त्याकडेच्या घरात वर्षभरात हीटसिंकवर बसलेली धूळ ज्याने ब्रशने झाडली आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने सुकतात; तापमान सुमारे दहा अंशांनी कमी राहिले तर त्यांचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा त्यांच्याबाबतचा ढोबळ नियम आहे. अनेक लॅपटॉप ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या खोलीत वापरण्यासाठी बनवलेले असतात. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना, कूलर बंद असलेल्या बंद खोलीत दुपारभर संगणक चालू सोडणे हे बटण दहा वेळा दाबण्यापेक्षा कितीतरी अधिक हानिकारक आहे.

चालू ठेवल्यास वीजबिल किती वाढते?

एक युनिट म्हणजे १,००० वॅटचे उपकरण एक तास चालवण्याएवढी वीज. पडदा बंद असलेला, काहीही काम न करणारा साधारण डेस्कटॉप ५० वॅटच्या आसपास वीज घेतो, असे धरू. मोठे ग्राफिक्स कार्ड असलेला याहून बराच अधिक घेतो. रोज चार तास काम करून उरलेले वीस तास तो तसाच सोडला, तर दिवसाला बरोबर एक युनिट आणि महिन्याला तीस युनिट जातात. तोच स्लीपमध्ये तीन वॅट घेत असेल तर महिन्याला १.८ युनिट लागतील, आणि शटडाउन करूनही प्लग चालू राहिल्यास एक वॅटच्या हिशेबाने ०.६ युनिट. पडदा बंद करून चालू ठेवलेला लॅपटॉप आठ वॅट घेतो असे धरल्यास त्याचे महिन्याचे ४.८ युनिट होतात.

या आकड्यांतून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, स्लीप आणि शटडाउन यांत महिन्याला १.२ युनिटचा फरक आहे, म्हणजे ७५ वॅटचा छताचा पंखा सोळा तास चालवावा एवढा. वीज वाचवण्याच्या हेतूने या दोहोंत घोळ घालत बसण्याचे कारण नाही. दुसरी गोष्ट मात्र खिशाला लागणारी आहे. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात: पहिले १०० युनिट, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५००, आणि त्यापुढे. ज्या घराचा वापर ९० युनिटच्या आसपास आहे, त्या घरात हे तीस युनिट वाढले तर त्यांतील वीस युनिट दुसऱ्या टप्प्यात जातात, जिथला दर पहिल्या टप्प्यापेक्षा बराच चढा असतो. आपल्या बिलाच्या मागच्या बाजूचा तक्ता पाहून गुणाकार स्वतःच करावा, कारण दर बदलत राहतात.

संगणक स्लीपवर असताना लाइट गेली तर काय होते?

लॅपटॉपचे काहीच होत नाही, कारण त्याला स्वतःची बॅटरी असते. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपच्या रॅममधला मजकूर मात्र त्या क्षणी पुसला जातो, आणि जतन न केलेले काम गेले ते गेलेच. यावर विंडोजमध्ये हायब्रिड स्लीप नावाची सोय आहे, ज्यात स्लीपमध्ये जाण्यापूर्वीच मजकुराची एक प्रत डिस्कवर उतरवून ठेवली जाते. वीज टिकली तर संगणक रॅममधून लगेच जागा होतो, आणि वीज गेली तर डिस्कवरून सावकाश उठतो. अनेक डेस्कटॉपवर ती आधीपासूनच सुरू असते, तरी पॉवर ऑप्शन्समधील प्रगत पर्यायांत जाऊन एकदा खात्री करून घ्यावी.

घरात इन्व्हर्टर आहे म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांनी एक बारकावा लक्षात घ्यावा. वीज गेल्यापासून इन्व्हर्टरने भार उचलेपर्यंत काही मिलिसेकंदांची फट पडते. संगणकाचा पॉवर सप्लाय आपल्या साठ्यावर साधारण सोळा-सतरा मिलिसेकंदच तग धरतो. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोड आणि साधा मोड असे बटण असते. साध्या मोडवर ही फट बरीच मोठी असू शकते, आणि मग पंखा-दिवे निर्वेध चालू राहतात पण संगणक मात्र रीस्टार्ट होतो. अनेक घरांत हे बटण बसवणाऱ्याने एकदा ठेवले तसे वर्षानुवर्षे राहिलेले असते.

६०० व्हीए क्षमतेचा साधा घरगुती यूपीएस चालू संगणकाला दहा-पंधरा मिनिटे देतो. तेवढा वेळ काम जतन करून शटडाउन करण्यासाठी असतो, काम पूर्ण करण्यासाठी नसतो. त्यातली बारा व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, आणि ती थकल्याचे कळते ते नेमके लाइट जाण्याच्या वेळी. शिवाय काही यूपीएस फार कमी भार दिसला की आपण रिकामेच चालत आहोत असे समजून स्वतःच बंद होतात, त्यामुळे स्लीपमध्ये तीन वॅट घेणारा डेस्कटॉप त्यांच्या भरवशावर ठेवता येत नाही. आणि मध्यरात्री लाइट गेल्यावर यूपीएस जे टीं-टीं सुरू करतो, त्याने संगणक झोपलेला राहिला तरी घर जागे होते.

घरातील वडीलधारी माणसे रात्री बोर्डाचे बटणच बंद करतात. ते योग्य आहे का?

शटडाउन झाल्यावर बंद केल्यास योग्यच आहे. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याच्या आकाराची, तीन व्होल्टची छोटी बॅटरी असते, आणि संगणकाचे घड्याळ तिच्यावर चालू राहते. ती बॅटरी संपत आली असेल तर मात्र रोज सकाळी तारीख मागे गेलेली दिसू लागेल. हायबरनेट केलेल्या संगणकाचे बटण बंद करण्यासही हरकत नाही.

अडचण येते ती स्लीपची. स्लीपमधला डेस्कटॉप बाहेरून बंदच दिसतो. एखादा दिवा मंदपणे लुकलुकतो, इतकेच. अशा वेळी आजोबांनी सद्भावनेने बटण बंद केले, की नातवाचा प्रकल्प अहवाल जातो आणि सकाळी दोघांचीही बाजू बरोबर असलेले भांडण होते. ज्या घरात बटणे बंद करून झोपण्याची रीत आहे, तिथे डेस्कटॉपवरचा स्लीपचा पर्याय काढून त्या जागी हायबरनेट ठेवणे हा माणसांना समजावत बसण्यापेक्षा सोपा उपाय आहे. विंडोजमध्ये हायबरनेट बहुधा लपवलेले असते. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन, पॉवर बटणांनी काय करावे हे ठरवणाऱ्या पानावर, सध्या अनुपलब्ध असलेल्या सेटिंग्ज बदलण्याच्या दुव्यावर टिचकी मारल्यावर ते निवडता येते.

विजा चमकत असताना शटडाउन करणे पुरेसे आहे का?

नाही. आकाशातल्या विजेपासून शटडाउनने काहीही संरक्षण मिळत नाही, आणि बोर्डाचे बटण बंद करण्यानेही पुरते मिळत नाही. घरातले साधे बटण फक्त फेजची तार तोडते. न्यूट्रल आणि अर्थिंगच्या तारा जोडलेल्याच राहतात, आणि जवळपास वीज पडल्यास दाबाचा लोंढा त्यांतूनही येऊ शकतो. म्हणून पिनच काढून ठेवावी. तसेच इंटरनेटची तांब्याची केबल राउटरमधून आणि राउटरची केबल संगणकातून काढावी. एका मे महिन्याच्या संध्याकाळी मी संगणकाची पिन शहाण्यासारखी काढून ठेवली, पण नेटवर्कची केबल तशीच राहिली. वळवाचा पाऊस थांबल्यावर राउटर आणि संगणकाचे नेटवर्क कार्ड दोन्ही गेलेले होते. फायबरच्या काचेच्या तारेतून असा लोंढा येत नाही, मात्र ती ज्या डबीत येते त्या डबीचा ॲडॉप्टर विजेच्या प्लगमध्येच असतो.

महाराष्ट्रात विजांचा जोर ऐन जुलै-ऑगस्टपेक्षा वळवाच्या आणि परतीच्या पावसात अधिक असतो, म्हणजे ज्या दिवसांत सकाळ लख्ख असते आणि दुपारी चारनंतर अचानक आभाळ भरून येते त्याच दिवसांत. सकाळी घराबाहेर पडताना संगणक स्लीपवर सोडण्याची सवय या दोन हंगामांपुरती मोडावी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप परिसरातील विजांची सूचना देते. अर्थात ती सूचना येईल तेव्हा पिन काढायला घरी कोणीतरी असावे लागते.

मी रोज शटडाउन करतो, तरी टास्क मॅनेजरमध्ये संगणक नऊ दिवसांपासून चालू असल्याचे का दिसते?

कारण २०१२ मधल्या विंडोज ८ पासून शटडाउनचा अर्थ बदलला. फास्ट स्टार्टअप सुरू असेल तर शटडाउनच्या वेळी आपले प्रोग्रॅम बंद होतात, परंतु विंडोजचा गाभा बंद न होता हायबरनेट केला जातो, जेणेकरून सकाळी संगणक लवकर सुरू व्हावा. त्यामुळे गाभ्यात किंवा एखाद्या ड्रायव्हरमध्ये झालेला बिघाड रोज शटडाउन करूनही सोबत राहतो, आणि रीस्टार्ट केल्यावर मात्र नाहीसा होतो. प्रिंटर दिसेनासा झाला, आवाज गेला, वायफाय जोडले जात नाही, अशा तक्रारींत दुरुस्तीवाला सर्वप्रथम रीस्टार्ट करायला सांगतो तो याच कारणाने. शिफ्टचे बटण दाबून धरून शटडाउन निवडल्यास तेवढ्या वेळेपुरते खरेखुरे शटडाउन होते. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांनी फास्ट स्टार्टअप कायमचे बंद करावे, अन्यथा अर्धवट झोपलेल्या विंडोजच्या डिस्कवर लिनक्समधून लिहिताना माहितीची नासाडी होण्याचा धोका असतो.

मग आठवडाभर रीस्टार्ट केलेच नाही तर बिघडते का?

बिघडत नाही, पण मंदावते. ब्राउझर आणि काही प्रोग्रॅम घेतलेली रॅम पूर्ण परत करत नाहीत, आणि सुरक्षेची अद्यतने रीस्टार्टची वाट पाहत पडून राहतात. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये तर ४९.७ दिवस सलग चालल्यावर संगणक गोठण्याची चूक होती, कारण मिलिसेकंद मोजणारा बत्तीस बिटांचा आकडा तेव्हा भरून जात असे. इतके दिवस ते चालत राहणेच दुर्मीळ असल्याने ती चूक ध्यानात यायलाही वेळ लागला. मायक्रोसॉफ्टची नेहमीची अद्यतने महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा झालेले असतात. त्या आठवड्यात बुधवारी किंवा गुरुवारी एकदा रीस्टार्ट करून टाकले, की ऐन ऑनलाइन बैठकीच्या वेळी टक्केवारी मोजत बसण्याची पाळी येत नाही.

लॅपटॉपचे झाकण मिटून तो पिशवीत टाकला आणि काढला तेव्हा तापलेला होता, असे का झाले?

अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये जुनी गाढ झोप राहिलेली नाही. त्यांची स्लीप मोबाइलसारखी असते: पडदा बंद, पण मधूनमधून जागे होऊन ईमेल आणि अद्यतने पाहणे चालूच. टेबलावर त्याने काही बिघडत नाही. बंद पिशवीत मात्र हवा खेळत नाही, एखादे अद्यतन सुरू झाले की उष्णता साठते, आणि पुण्याहून निघालेला लॅपटॉप नागपूरला बॅटरी संपलेल्या अवस्थेत पोहोचतो. प्रवासाला निघताना हायबरनेट किंवा शटडाउन करावे. मग झाकण मिटल्यावर काय व्हावे हे बॅटरीवर असताना आणि प्लगवर असताना वेगवेगळे ठरवता येते, तेही एकदा ठरवून ठेवावे.

संगणक मध्यरात्री आपोआप जागा होतो. त्याला काय करावे?

यात गूढ काही नाही. टेबलाला धक्का लागून माउस हलतो, नेटवर्क कार्डला हाक ऐकू येते, किंवा नेमून दिलेल्या वेळेचे एखादे काम येते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउस आणि नेटवर्क कार्डची संगणक जागा करण्याची परवानगी काढावी आणि पॉवर ऑप्शन्समध्ये वेक टायमर बंद करावेत. शटडाउन केलेला डेस्कटॉप लाइट आल्याबरोबर सुरू होत असेल, तर दोष बायोसमधल्या, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंग्जमधल्या, वीज परत आल्यावर काय करावे हे ठरवणाऱ्या पर्यायाचा आहे. तो बदलावा, कारण लाइट येण्याच्या क्षणी दाब वरखाली होत असतो आणि ती सुरू होण्याची योग्य वेळ नव्हे.

रोज हायबरनेट केल्याने एसएसडी झिजते का?

झिजते, परंतु चिंता करण्याएवढी नाही. दर वेळी पाच जीबी लिहिले जातात असे धरले तर वर्षाला सुमारे १.८ टीबी होतात. अडीचशे जीबीच्या साधारण एसएसडीची लेखनक्षमता १५० टीबीच्या आसपास सांगितलेली असते. भागाकार केल्यास ऐंशी वर्षांहून अधिक होतात.

स्क्रीनसेव्हर लावल्याने वीज वाचते का?

नाही. तो जुन्या काचेच्या जाड पडद्यांवर एकच चित्र कोरले जाऊ नये यासाठी होता. पडदा बंद होऊ द्यावा.

गावचे घर महिनोन्‌महिने बंद असते. तिथला संगणक कसा ठेवावा?

पूर्ण शटडाउन, पिन आणि नेटवर्क केबल काढलेली, आणि यूपीएसचीही पिन काढलेली. कोकणात किंवा गोव्यात प्रश्न विजेपेक्षा दमटपणाचा अधिक असतो. जून ते सप्टेंबर बंद पडून राहिलेल्या यंत्राच्या जोडांवर गंज आणि बुरशी धरते, म्हणून पावसाळ्यात शेजारी किंवा नातेवाईक किल्ली घेऊन घर उघडणार असतील तर आठवड्यातून एकदा, आभाळ शांत असताना, तासभर चालू करण्यास सांगावे. आतली उष्णता ओल घालवते. एरवी टाळायला सांगितलेली गोष्ट इथे औषध ठरते. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून ठेवू नये, अर्धी भरलेली ठेवावी. महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या यूपीएसची बॅटरी उतरलेली असते, त्यामुळे घरी परतल्यावर तो आधी रात्रभर चार्जिंगला लावावा आणि संगणक दुसऱ्या दिवशी सुरू करावा.

रात्रभर चालू ठेवणे कधी योग्य ठरते?

मोठा बॅकअप चालू असेल, व्हिडिओ तयार होत असेल, कार्यालयातून किंवा परदेशातल्या मुलाला दुरून त्यावर काम करायचे असेल, तेव्हा. अशा वेळी यूपीएस असावा, पडदा बंद असावा, यंत्राच्या मागे भिंतीपासून वीतभर जागा असावी, आणि स्क्रीन लॉक केलेली असावी. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून कधीही चालू सोडू नये. काम संपल्यावर संगणक आपोआप बंद व्हावा अशी सोय डाउनलोड आणि व्हिडिओच्या बऱ्याच प्रोग्रॅममध्ये असते. ती निवडून मगच झोपायला जावे.